डिझेल इंजिनला भारी हेड स्टड बसवले तर पैसे वसूल होतात का?

तुमचा प्रश्न असा: टेक्सासमध्ये २००५ ची जुनी फोर्ड एफ-२५० पिकअप घेतली आहे, इंजिन ६.० लिटर पॉवर स्ट्रोक. चढावर ट्रेलर ओढताना कूलंटच्या टाकीच्या झाकणातून पाणी फेकते. गॅरेजवाला म्हणतो हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, काढावे लागेल, आणि काढतोच आहोत तर मूळ बोल्टांऐवजी एआरपी कंपनीचे स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेले, वरून नटने आवळायचे दांडे) घालू. हा जादा खर्च करावा का?

या इंजिनाला, हेड उघडणारच असेल तर, जरूर करा. पण नुसते स्टड घालून हेड परत बसवणार असाल तर ते पैसे पाण्यात गेले समजा.

या इंजिनाची अडचण मुळातली आहे. प्रत्येक सिलिंडरभोवती चारच बोल्ट, तेही शेजारच्या सिलिंडरांत वाटून, म्हणजे चार सिलिंडरांच्या एका हेडला १४ मि.मी.चे दहा. याच्या आधीच्या ७.३ लिटरमध्ये सिलिंडरभोवती सहा होते. कमिन्स कंपनीच्या ५.९ लिटर डिझेलमध्ये सहा सिलिंडरांना मिळून २६ बोल्ट आहेत, म्हणून ते इंजिन मूळ बोल्टवरच वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते. ६.० मध्ये सिलिंडरमधला दाब वाढला की दोन बोल्टांच्या मधली जागा केसभर उचलली जाते, गॅस्केटच्या फायर रिंगवरून (सिलिंडरभोवतीच्या सील करणाऱ्या कड्यावरून) जळालेला वायू कूलंटमध्ये शिरतो आणि टाकी ओकायला लागते.

स्टडने फरक का पडतो? मूळ बोल्ट यील्डपर्यंत, म्हणजे कायमचे लांबू लागतील इतके, ताणून बसवायचे असतात, म्हणून ते एकदाच वापरायचे. शिवाय बोल्ट आवळताना तो ब्लॉकच्या आट्यांत फिरतो. त्यामुळे तुमचा बराचसा जोर घर्षणात जातो आणि बोल्टला पीळही बसतो. स्टड ब्लॉकमध्ये आधीच हाताने बसलेला असतो, फिरतो तो फक्त वरचा नट, तोही बारीक आट्यांवर. स्टडला मिळतो तो जवळजवळ सरळ ताण. म्हणून दाब जास्त बसतो आणि सगळीकडे सारखा बसतो.

आता मूळ दुखणे. कूलंटने ऑइल गार करणारा ऑइल कूलर टर्बोच्या खाली, इंजिनाच्या खोलगट भागात असतो. त्याच्या बारीक वाटा ओतकामाची राहिलेली वाळू आणि कूलंटमधून साकळणारा सिलिकेटचा गाळ यांनी बुजतात. त्याच्यामागून पाणी ईजीआर कूलरला (इनटेकमध्ये परत सोडायचा धूर गार करणाऱ्या भागाला) जाते. तिथे पाणी कमी पडले की ते उकळते, कूलर फुटतो, पाणी इनटेकमार्गे सिलिंडरमध्ये जाते, दाब एकदम चढतो आणि हेड उचलले जाते. स्कॅनर लावून इंजिन पूर्ण गरम झाल्यावर हायवेवर एकसारख्या वेगात ऑइल आणि कूलंटचे तापमान बघा. फरक १५ अंश फॅरेनहाइटच्या वर गेला तर ऑइल कूलर बुजलाय. टर्बोच्या पात्या काजळीने अडकून बूस्ट, म्हणजे आत ढकललेल्या हवेचा दाब, जास्त होत असेल तरी हाच परिणाम. ही दोन्ही कामे स्टडच्या आधीची.

हेडच गेलेय हे नक्की करायला टाकीवर दाबाचा गेज लावून जोरात चालवा. झाकण १६ पीएसआयचे आहे, काटा त्याच्या पुढे जात राहिला तर वायू शिरतोय. रात्रभर गार झालेल्या गाडीचे झाकण सकाळी उघडताना फुस्स आवाज आला तरी संशय तोच.

हेड निघाल्यावर ते मशीन शॉपला द्या. भेगांसाठी प्रेशर टेस्ट आणि सपाटी बघणे, दोन्ही करवून घ्या. वाकडे हेड स्टडने सरळ होत नाही. गॅस्केट मागवण्याआधी डॉवेल (हेड जागेवर बसवणाऱ्या ब्लॉकवरच्या खुंट्या) मोजा, जुन्या इंजिनात १८ मि.मी. आहेत, नंतरच्यात २०. ब्लॉकच्या भोकांतले तेल-पाणी हवेने पूर्ण उडवा. भोके बंद बुडाची आहेत, आत थेंब राहिले आणि वरून स्टड दाबला तर ब्लॉकलाच तडा जाऊ शकतो. आटे साफ करायला चेसर (जुने आटे नुसते साफ करणारे हत्यार) वापरा, नवे आटे पाडायचा टॅप नको, टॅप धातू खातो.

स्टड हातानेच, ॲलन चावीने हलके बसवायचे. नटचे आटे आणि वॉशरच्या दोन्ही बाजूंना किटमधलेच वंगण लावा. टॉर्कचा आकडा त्या वंगणासाठीच ठरवलेला आहे, साधे इंजिन ऑइल लावले तर तोच आकडा वेगळा ताण देतो. मधून बाहेर अशा ठरलेल्या क्रमाने ७०, १४०, २१० फूट-पाउंड, तीन फेऱ्यांत. २१० म्हणजे सुमारे २८५ न्यूटन-मीटर, छोट्या टॉर्क रेंचचे काम नाही. बाहेरच्या कडेचे छोटे बोल्ट त्यानंतर.

कॅब न उचलता काम करत असाल तर मागचे स्टड फायरवॉलला आणि एसीच्या डब्याला अडतात. मग स्टड आधी हेडच्या भोकांत घालून वर ओढून रबरबँडने धरतात, हेड डॉवेलवर बसले की खाली सोडून घट्ट करतात. तेवढ्यात एक जरी स्टड गॅस्केटवर आपटला तर ते गॅस्केट फेका.

किट साधारण ५०० ते ७०० डॉलरला मिळते. खरा पैसा मजुरीत जातो, आणि ती मूळ बोल्ट घातलेत तरी तेवढीच. नवे बोल्टही विकतच घ्यावे लागतात, म्हणजे जादा पडतो तो फक्त दोन्हींमधला फरक. म्हणूनच मी हो म्हणतोय.

हेच गणित निरोगी इंजिनाला लागू होत नाही. पाणी ओकत नाही, ट्यूनिंग केलेले नाही, अशा गाडीचे हेड केवळ स्टडसाठी उघडू नका. कमिन्सवर हेड न काढता एकेक बोल्ट बदलून स्टड घालतात, पण मोठ्या टर्बोवर ताकद वाढवलेल्या इंजिनासाठी. महाराष्ट्रात कंपनी सेटिंगवर चालणाऱ्या स्कॉर्पिओ-बोलेरोचे हेड गेले, तर नवे बोल्ट, हेडला फेस मारणे (मशीनवर सपाट करणे) आणि मॅन्युअलप्रमाणे टॉर्क एवढे पुरते. तिथे आधी रेडिएटर आणि वॉटर पंप तपासा.