तास मोजण्याआधी मोबाइलवर नक्की काय चाललंय ते बघा

"मुलगा सतत मोबाइलवर असतो, गेमचं व्यसन तर लागलं नाही ना?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारे आईबाबा खूप असतात. त्यातलीच ही एक केस, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

मुलगा पंधरा वर्षांचा. आईने बसता बसताच सुरू केलं, मॅडम जेवायला हाक मारली की दोन मिनिटं दोन मिनिटं करत अर्धा तास काढतो, परवा फोन ओढून घेतला तर अंगावर धावून आला, सकाळी उठत नाही, अभ्यासात लक्ष नाही, व्यसनच ना हे? मुलगा बाजूला मान खाली घालून गप्प.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 2022 पासून गेमिंग डिसऑर्डर आहे हे खरंय, पण त्याचे निकष कडक आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहतो किंवा वाढतो, शाळा-घर-नाती ठळकपणे बिघडतात, आणि हे साधारण 12 महिने चाललेलं असतं. जेवायला उशिरा येणं यात बसत नाही.

मग आईला बाहेर बसवून आम्ही दोघांनी त्याच्या फोनमधला स्क्रीन टाइम उघडला. गेम संध्याकाळी तासभर, तोही ठरलेल्या मित्रांसोबत. दिवसभर कानात गाणी, त्याचं मला काही वाटलं नाही. खरा आकडा होता रात्रीचा, अंथरुणात पडल्या पडल्या छोटे छोटे व्हिडिओ, दीड-दोन वाजेपर्यंत, जवळपास रोज. मी विचारलं मजा येते का, तर म्हणाला, "मजा पण नाही येत, फक्त थांबता येत नाही."

ऑनलाइन मॅच मधेच पॉज होत नाही, सर्व्हरवर सगळे एकदम खेळत असतात, मधेच उठलं की टीम अडकते, म्हणून "आत्ताच्या आत्ता ठेव" म्हटलं की पोरं चिडतात. पण मॅच संपते तरी. व्हिडिओच्या फीडला शेवटच नाही, आणि पुढचा भारी निघेल की फालतू हे माहीत नसतं, बोट सरकत राहतं ते त्यामुळेच. वर झोप अर्धवट, मग सकाळची चिडचिड आणि वर्गात पेंग, आणि घरात खापर फुटत होतं गेमवर!

मग आईबाबांसोबत बसून ठरवलं ते साधंच. रात्री फोन बेडरूमबाहेर चार्जिंगला, सगळ्यांचेच. इथे बाबा लगेच म्हणाले मला अलार्म लागतो, आईने त्यांच्याकडे असं काही बघितलं की पुढचं मला विचारावं लागलं नाही. अलार्मला वेगळं घड्याळ आणलं. मुलाला गाण्याशिवाय झोप येत नव्हती, म्हणून स्पीकर, टायमर लावून. आणि जेवणाची सूचना वीस मिनिटं आधी, त्यानंतर नवीन मॅच सुरू करायची नाही.

पहिला आठवडा आदळआपट झाली, हळूहळू सकाळ सुधारली, चिडणंही बरंच उतरलं. सगळ्यांचं इतक्यावर भागत नाही हेही सांगते. मुलगा शाळेत जाणंच टाळतोय, मित्र सोडलेत, गुपचूप पैसे खर्च करतोय, सतत उदास आहे, तर नुसता फोन काढून घेऊ नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, कारण खाली डिप्रेशन किंवा कुणाचा तरी त्रास दडलेला असू शकतो आणि मोबाइल फक्त लपायची जागा असते.

या आईचं म्हणणं अजून चालूच आहे, गेम अर्ध्या तासावर आणा. आमचं त्यावर एकमत झालेलं नाही. झोप, शाळा आणि मित्र जागेवर असतील तर त्या तासाभराच्या मागे मी तरी लागणार नाही.