मऊ ऊतींतील गाठ आणि एक्स-रे

प्रश्न : एक्स-रेमध्ये हाड ठळक दिसते, मग मऊ ऊतींतील कर्करोगाची गाठ अंधूक का दिसते? संशोधनात यावर काही उपाय निघाला आहे का?

उत्तर : साधा एक्स-रे म्हणजे किरणांच्या शोषणाची छाया होय. हाडातील कॅल्शियम किरण भरपूर शोषून घेते. गाठ आणि तिच्या शेजारची निरोगी ऊती मात्र जवळजवळ सारखेच शोषण करीत असल्याने त्यांच्यातील सीमारेषा पुसट राहते. ‘फेज कॉन्ट्रास्ट’ पद्धतीत शोषणाऐवजी, ऊतींतून जाताना किरणांच्या लहरी किती मागेपुढे सरकतात आणि किंचित कशा वळतात, हे टिपले जाते. मऊ ऊतींमध्ये हा परिणाम शोषणापेक्षा सुमारे हजारपट प्रबळ असू शकतो, त्यामुळे स्तनातील गाठीच्या कडेने चरबीत शिरलेले बारीक तंतूही उठून दिसतात. यासाठी लागणारे सुसंगत (एका तालात चालणाऱ्या लहरींचे) किरण प्रामुख्याने सिंक्रोट्रॉनमधून, म्हणजे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरवून तीव्र एक्स-रे निर्माण करणाऱ्या अवाढव्य यंत्रातून मिळतात. इटलीतील त्रिएस्ते येथील ‘एलेट्रा’ या सिंक्रोट्रॉन केंद्रामध्ये तर या पद्धतीने रुग्णांच्या स्तनांची तपासणीही झाली आहे. सूक्ष्म जाळ्या वापरून साध्या एक्स-रे नळीवरही हे साधते. एवढे असूनही, माझ्या मते, गाठ कर्करोगाचीच आहे की नाही याचा निवाडा आजही बायोप्सीवरच सोपवावा.