नॅस की क्लाउड? आधी ती पॉलिसी बघू

पत्र नागपूरच्या मनीषनगरातून आलंय. वय ३९, मिहानमधल्या कंपनीत नोकरी, महिन्याला हातात ८२ हजार. गृहकर्ज २६ लाख बाकी, हप्ता २७ हजार. पत्नी घरी असते, मुलगी तिसरीत आहे, बँकेत दीड लाखाची एफडी. छंद वन्यजीव फोटोग्राफीचा: ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला. ३ टीबी फोटो दोन पोर्टेबल हार्ड डिस्कवर विभागून ठेवलेत आणि त्यातली एक आता टकटक वाजते. प्रश्न असा, की चार डिस्कचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडून ठेवायचा डिस्कचा डबा) ९० हजारांना घ्यावा की वर्षाला ६,५०० रुपये भरून २ टीबी क्लाउड? शेवटी एक ओळ आहे: ‘पैशाची सोय आहे. वर्षाला १ लाखाच्या पॉलिसीचे दोन हप्ते भरलेत, बँकेतल्या मॅडम म्हणाल्या त्यावर कर्ज मिळतं. स्टॉक साइटवर फोटो विकून महिन्याला ५ हजार आले की फेडून टाकेन.’

तुम्ही विचारलेल्या दोन्हींतलं काहीच घेऊ नका. पंचवीसेक हजारांत काम होतं, ते पुढे सांगतो. त्याआधी ही शेवटची ओळ.

सोबत जोडलेल्या कागदानुसार १० वर्षं १-१ लाख भरायचे आणि विसाव्या वर्षाच्या शेवटी २० लाख मिळणार. ‘गॅरंटीड दुप्पट’ यावर मॅडमनी पेनाने गोल केलेला दिसतो. गॅरंटी खरी आहे, फक्त ती साडेचार टक्क्यांची आहे. हप्त्यांचा पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो आणि तेवढ्या काळात दुप्पट होणं म्हणजे वर्षाला साडेचारच्या आसपास. पीपीएफ आज ७.१ टक्के देतो. त्याच दराने उरलेले आठ हप्ते पीपीएफमध्ये गेले, तर पॉलिसी संपते त्या दिवशी २२ लाखांच्या जवळपास जमतील. म्हणजे भरलेले २ लाख पूर्ण बुडाले असं धरलं तरी तुम्ही पुढे आहात. ‘आता दोन हप्ते गेलेच आहेत तर चालू ठेवतो’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे गणित एकदा कागदावर करावं.

आणि ते बुडतही नाहीत. कंपनीकडून सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडली तर परत मिळणारी रक्कम, लेखी मागवा. पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ नंतरची असेल तर नव्या नियमांमुळे रक्कम आधीपेक्षा बरी मिळते. कर्ज मिळतं ते याच सरेंडर मूल्याच्या काही टक्के, भरलेल्या २ लाखांवर नाही. ९० हजार त्यातून उभे राहतीलच असं नाही. राहिले तरी साडेचार टक्के कमावणाऱ्या कागदावर नऊ-दहा टक्क्यांनी उसने घेऊन डिस्क घ्यायच्या, हा सल्ला ज्याने दिला त्याला कमिशन मिळतं, एवढंच त्यातून कळतं.

याहून मोठी गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही. या पॉलिसीतलं विमा कवच १० लाखांचं आहे. घरात कमावणारे तुम्ही एकटे आणि २६ लाखांचं कर्ज डोक्यावर. उद्या काही झालं तर १० लाख बँकेलाच जातील आणि वर १६ लाख देणं उरेल. नोकरीतला ग्रुप विमा असला तर तो नोकरीबरोबर जातो. एक कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा नुसता विमा, या वयात, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला साधारण पंधरा-वीस हजारांत बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. बीपी-शुगर काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा. तिथे लपवलेलंच पुढे क्लेमच्या वेळी नडतं.

पॉलिसीच्या लाखातून टर्म प्लॅनचा हप्ता जाऊन दरवर्षी उरणारे ८० हजार आधी एफडीत टाकून ती ४ लाखांपर्यंत न्या. त्यानंतर गृहकर्जाच्या मुद्दलात भरा. वर पीपीएफ घेतला तो फक्त तुलनेसाठी. तुमचं कर्ज आठ टक्क्यांच्या वर असेल तर ते फेडणं पीपीएफपेक्षा फायद्याचं.

स्टॉक साइटचं थोडक्यात. एका डाउनलोडला बहुतेक वेळा काही सेंट मिळतात आणि ताडोबातल्या वाघांचे फोटो तिथे आधीच ढिगाने आहेत. महिन्याला ५ हजार मिळायला शेकडो डाउनलोड लागतील. अंदाजपत्रकात तिथे शून्य लिहा.

आता फोटो. टकटक वाजणारी डिस्क आत्ताच काढून ठेवा, रोज लावून बघू नका. नवी डिस्क हातात आल्यावरच ही जुनी जोडा आणि आधी निवडक फोल्डर उतरवा, मग बाकीचे. विंडोज ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारेल, त्याला नाही म्हणा. मरणाऱ्या डिस्कवर तेवढी धावपळ बहुधा शेवटची ठरते. फोटो ‘दोन डिस्कवर’ आहेत म्हणता, पण विभागून आहेत, म्हणजे प्रत्येकाची प्रत एकच. नॅसने हे आपोआप सुटत नाही. रेडमध्ये, म्हणजे नॅसमधल्या डिस्क एकत्र बांधण्याच्या पद्धतीत, एक डिस्क गेली तर काम चालू राहतं, पण चुकून डिलीट केलेलं, रॅन्समवेअरने कुलूप लावलेलं किंवा चोराने उचललेलं एकदमच जातं. शिवाय चोवीस तास ४० वॅट म्हणजे वर्षाला ३५० युनिट, महावितरणच्या वरच्या स्लॅबमध्ये काही हजारांचं बिल. मे महिन्यात ४५ अंशांत बंद खोलीत तो तापणार. कूलरसमोर ठेवलात तर दमट हवा आणि धूळ आत जाणार.

५ टीबीच्या दोन पोर्टेबल डिस्क घ्या, प्रत्येकी बारा-चौदा हजार, एक या महिन्यात, एक पुढच्या. दोन्हींवर सगळं. एक घरी, दुसरी ऑफिसच्या लॉकरमध्ये किंवा वर्ध्या-अमरावतीच्या नातेवाइकांकडे, आणि दर दोन महिन्यांनी अदलाबदल. नागपुरातल्या नागपुरात ठेवायची तर निदान दुसऱ्या वस्तीत ठेवा. कॉपी करताना व्हेरिफाय, म्हणजे प्रत मूळ फाइलशी ताडून बघणं, चालू ठेवा. टेराकॉपी या कॉपी करायच्या प्रोग्रॅममध्ये ती सोय आहे. दोन्ही प्रती झाल्याशिवाय कॅमेऱ्यातलं कार्ड फॉरमॅट करायचं नाही. एडिटिंगला लाइटरूम वापरत असाल तर त्याचा कॅटलॉगही कॉपी करा. एडिटिंग रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फाइलमध्ये) नसतं, कॅटलॉगमध्ये असतं आणि लोक नेमकं तेच विसरतात. कपाटात ठेवून द्यायला एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) घेऊ नका. महिनोन्‌महिने वीज न मिळता, त्यातून उन्हाळ्यात, ती डेटा सोडू शकते.

क्लाउड हवा, पण २ टीबीचा नको, तो तुमच्या ३ टीबीला पुरतही नाही. गूगलचं १०० जीबी वर्षाला १,३०० रुपयांत येतं. मुलीचे फोटो आणि निवडक पाचशे-हजार फ्रेम तिथे ठेवा. गूगल फोटोजमध्ये टाकलेत तर ‘ओरिजिनल क्वालिटी’ निवडा, नाहीतर तो लहान करून ठेवतो. एका सकाळच्या सफारीत बर्स्टवर दीड हजार फ्रेम, ३० एमबीची एक रॉ, म्हणजे ४५ जीबी. त्यातल्या चाळीस कामाच्या असतात. घरी आल्यावर आठवड्याच्या आत छाटणी केली तर ५ टीबी बरीच वर्षं पुरेल.

क्रम चुकवू नका: टर्म प्लॅनचा अर्ज आज, तो मंजूर होऊन हातात आल्यावरच सरेंडर. तिसरा हप्ता त्याआधी आला तरी वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते आणि तोवर जुनं कवच चालू राहतं. मात्र बँकेतलं ऑटो डेबिट हप्त्याच्या तारखेआधी लेखी बंद करा आणि पोच घ्या. मॅडम समोर बसवून नवा प्लॅन दाखवतील, त्यावर सही करू नका.