सर्व्हिस सेंटरचं बिल अंदाजाच्या दुप्पट आलं. यातलं खरंच गरजेचं काय होतं?

तुमची गाडी चार वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, चाललेली ३१,००० किलोमीटर. अंधेरीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने सकाळी ७ हजारांचा अंदाज दिला आणि संध्याकाळी १५,४०० रुपयांचं बिल हातात ठेवलं. ऑइल, फिल्टरखेरीज त्यात इंजिन फ्लश (रसायनाने इंजिन आतून धुणं), थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) क्लीनिंग, एक लिटर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव), एसी गॅस, अंडरबॉडी कोटिंग (गाडीच्या तळाला गंजरोधक थर), ब्रेक फ्लुइड आणि ब्रेक पॅड आहेत. यातलं ब्रेक फ्लुइड नक्की गरजेचं होतं. बाकीच्या प्रत्येक ओळीचा जाब तुम्ही विचारायला हवा.

बिल फुगायला सुरुवात होते ती गाडी रॅम्पवर चढण्याआधीच, जॉब कार्ड, म्हणजे करायच्या कामांचा फॉर्म, भरताना. फ्लश, कोटिंग, क्लीनिंग या कामांना वर्कशॉपमध्ये व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिस म्हणतात. सर्व्हिस ॲडव्हायझरला त्यांचं महिन्याचं टार्गेट असतं आणि त्यावर इन्सेंटिव्ह. म्हणून गाडी न बघताच ‘हे करून घ्या सर’ सुरू होतं. तुमच्याकडची कसोटी एकच: ओनर्स मॅन्युअलमधला मेंटेनन्स शेड्यूलचा तक्ता. त्यात जे काम नाही, त्यासाठी एकतर गाडीत लक्षण दिसायला हवं किंवा मोजलेला आकडा.

ऑइल वेळेवर बदललेल्या इंजिनला फ्लश लागत नाही. बहुतेक मॅन्युअलमध्ये त्याचा उल्लेखही नसतो. थ्रॉटल बॉडी साफ करायची ती आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनचा वेग, वरखाली होत असेल, सिग्नलला गाडी बंद पडत असेल तर.

कूलंट आणि एसी गॅस या दोन ओळींकडे मात्र नीट बघा. दोन्ही बंद सर्किटमध्ये फिरतात, पेट्रोलसारखे संपत नाहीत. एक लिटर कूलंट टाकावं लागलं असेल तर ते गेलं कुठे? होज, रेडिएटर, वॉटर पंप यांपैकी कुठेतरी गळती आहे, किंवा कूलंट टाकलंच नाही. गळती असेल तर ती जॉब कार्डवर लिहिलेली हवी, कारण तसंच चालवत राहिलं तर इंजिन तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील, जातं. एसीचंही तेच. वर्षानुवर्षांत किंचित झिरप होते, पण दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागणं म्हणजे लीक. लहान गाडीत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम गॅस बसतो, नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. किती ग्रॅम काढला, किती भरला आणि लीक कशाने तपासला, हे विचारा. थंडावा कमी वाटण्याचं कारण पुष्कळदा ग्लव्ह बॉक्समागचा तुंबलेला केबिन फिल्टर असतो. तो पाच मिनिटांत स्वतः काढून बघता येतो.

अंडरबॉडी कोटिंग ‘समुद्राची हवा आहे’ असं सांगून विकतात. मुंबईत गंजाची भीती खरी आहे. पण चिखल आणि गंज न काढता वरून कोट मारला तर ओल आतच अडकते, आणि दाराखालची पाणी निघायची भोकं बुजली तर पत्रा आतून सडतो. पावसाळ्यानंतर खालून स्वच्छ धुणं जास्त उपयोगाचं.

ब्रेक फ्लुइड हवेतली आर्द्रता शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि घाटात ब्रेक तापले की पेडल मऊ पडतं. दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर, यातलं आधी येईल तेव्हा ते बदलायचंच. पॅडबाबत टक्केवारी ऐकून घेऊ नका, मिलिमीटर विचारा. नव्या पॅडचं घर्षण-अस्तर साधारण १० मिलिमीटर असतं, ३ वर आलं की बदलायचं. ‘अर्धे झिजलेत’ म्हणजे अजून भरपूर आयुष्य बाकी.

पुढच्या वेळी जॉब कार्डवर सही करण्याआधी त्यावर लिहून घ्या: ‘जुने पार्ट परत द्यावेत, व्हॉट्सॲपवर लेखी होकाराशिवाय वाढीव काम करू नये.’ वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीकडे जातो, तो मिळणार नाही. एअर फिल्टरवर आणि चाकांवर आतल्या बाजूने मार्करचा ठिपका द्या. फिल्टर बदलला का, टायर रोटेशन (चाकांच्या जागांची अदलाबदल) झालं का, ते लगेच कळतं. चाकं एकदाच उतरवून ब्रेक क्लीनिंग, रोटेशन, बॅलन्सिंग अशी तीन लेबर लावली आहेत का, तेही तपासा. ऑइलचे लिटर मॅन्युअलशी ताडून पाहा. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पेट्रोल गाडीचं नवं ऑइल मधाच्या रंगाचं दिसतं. डिझेलमध्ये ते लगेच काळं पडतं, तिथे ही खूण चालत नाही.

आताच्या बिलावरून गाडी अडून राहिली असेल तर पैसे भरा आणि बिलाच्या प्रतीवर ‘तक्रार राखून भरले’ असं लिहून पोच घ्या. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे मेहनताना मिळेपर्यंत दुरुस्ती करणारा गाडी अडवू शकतो, त्यामुळे गेटवर भांडून उपयोग नाही. मग जॉब कार्ड नंबरसह सर्व्हिस मॅनेजर आणि कंपनीचं कस्टमर केअर, दोघांना एकच ईमेल करा: जुने पॅड, गॅसचे ग्रॅम, कूलंट गळतीची जागा आणि वाढीव कामाला मी दिलेला होकार दाखवा. एवढ्यावरच बरेचदा पैसे परत करायची तयारी दाखवतात. नाही दाखवली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मसुदा लिहिताना अडलात तर मुंबई ग्राहक पंचायतीचं मार्गदर्शन घ्या.