मालिश नको, आणि बायॉप्सीची घाईही नको

पत्र : चौदा वर्षांचा मुलगा क्रिकेट खेळताना पडला. दोन महिने झाले, गुडघ्याच्या वरची सूज उतरत नाही. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी हाडात गाठीची शंका घेतली, बायॉप्सी (सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासणी) सांगितली. सासूबाई म्हणतात, सुई लागली की पसरतं. आधी पहलवानाकडे मालिश करू. मुलाला काय सांगू?
— एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

ताई,

मालिश अजिबात नको. गाठीनं हाड आतून कमकुवत झालेलं असतं, चोळताना मोडू शकतं. मोडलं की गाठीच्या पेशी आसपासच्या मांसात सांडतात आणि वाचू शकणारा पाय वाचवणं अवघड होतं. कुबड्या घ्या, खेळ बंद.

पडल्यानं कॅन्सर होत नाही. पडल्यामुळे लक्ष जातं, एवढंच. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर बहुधा १० ते २० या वयात, उंची भराभर वाढताना, गुडघ्याजवळ होतो. दुखणं कधीकधी रात्री झोपेतून उठवतं. पण हाडातला जंतुसंसर्गही एक्स-रेत असाच भासू शकतो, तेव्हा निदान झालंय असं धरून चालू नका.

सुईनं कॅन्सर पसरतो हे खरं नाही. मात्र सुईच्या वाटेत पेशी राहू शकतात, म्हणून ऑपरेशनच्या वेळी ती वाटही गाठीसकट काढतात. भलत्या जागी किंवा आडवा छेद घेतला, तर नको तेवढे स्नायू जातात, क्वचित पायही. म्हणून आधी एमआरआय, तोही नुसत्या गुडघ्याचा नव्हे, मांडीच्या पूर्ण हाडाचा. बायॉप्सी त्यानंतर, आणि पुढे जो सर्जन ऑपरेशन करणार त्याच्याच सल्ल्यानं, शक्यतो त्याच्याच हातून. मुंबईच्या टाटा मेमोरियलला जायचं ठरलं तर अवंतिका एक्स्प्रेसनं रात्रभरात पोचाल. एक्स-रेच्या फिल्म आणि एमआरआयची सीडी सोबत न्या. नुसते रिपोर्ट पुरत नाहीत.

कॅन्सर निघालाच तर छातीचा सीटी होतो, कारण तो आधी फुप्फुसात जातो. मग साधारण दहा आठवडे केमो, ऑपरेशन, पुन्हा केमो. बहुतेकांचा पाय राहतो, आतलं हाड बदलतात. आजार पसरलेला नसेल आणि उपचार पुरे झाले, तर शंभरात साठ-सत्तर मुलं पाच वर्षांपुढे जगतात. केमोआधी हृदयाची आणि कानांची तपासणी होते. वीर्य साठवून ठेवण्याबद्दलही तेव्हाच विचारा, संकोच करू नका. नंतर ती संधी राहीलच असं नाही.

मुलाला खरं सांगा : "हाडात गाठ दिसतेय, कसली ते तपासायचंय." नाहीतर तो मोबाइलवर शोधेलच. आणि सासूबाईंना सर्जनकडे सोबत न्या. सुईचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या.