दरवर्षी तीच जुनी पुस्तके शिकवताना आनंद कुठून येतो?

प्रश्न असा आहे : "मराठी साहित्य शिकवणाऱ्या प्राध्यापकांना दरवर्षी त्याच जुन्या, अभिजात कलाकृती शिकवताना खरोखर आनंद मिळतो का, की काही वर्षांनी ते निव्वळ सवयीचे काम होऊन बसते?" प्रश्नाखाली विचारणाऱ्याने असेही लिहिले आहे, की तो सध्या मराठीत एम. ए. करत आहे आणि याच व्यवसायात यावे की नाही या विचारात आहे.

मी जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयात गेली 24 वर्षे मराठी शिकवते. आनंद मिळतो, आणि पहिल्या वर्षांपेक्षा आता अधिक मिळतो, एवढे उत्तर मी प्रामाणिकपणे देऊ शकते. मात्र हा आनंद "मुलांना काहीतरी दिल्याचा" आहे, असे मी सुरुवातीला समजत होते. तो तसा नाही, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. ते कसे कळले हे सांगितल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचे उत्तर पुरे होणार नाही.

आमच्या वर्गातील बहुतेक मुले आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येतात. कोणाच्या घरी अहिराणी बोलतात, कोणाच्या घरी लेवा गणबोली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून येणाऱ्यांची बोली आणखी वेगळी असते. कॉलेजच्या फाटकातून आत शिरताना ही मुले आपली बोली बाहेर ठेवून येतात. मराठीच्या तासाला तर ती जास्तच गप्प असतात, कारण "शुद्ध" बोलता येत नाही याची भीती सगळ्यांत जास्त इथेच वाटते. साहित्य म्हणजे पुण्यामुंबईकडच्या पुस्तकी भाषेत लिहिलेले काहीतरी, आणि आपण घरी बोलतो ते त्याच्या बाहेरचे, अशी त्यांची पक्की समजूत झालेली असते.

बहिणाबाई चौधरी आमच्याच भागातल्या. 1880 साली जळगावजवळच्या आसोद्याला त्यांचा जन्म झाला. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर सुचलेली त्यांची गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि इतर नातेवाईक लिहून ठेवत असत. 1951 मध्ये त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने, ती गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. एवढी माहिती मुलांना शाळेपासून पाठ असते आणि परीक्षेत ती ती बिनचूक लिहितात. तरीही मी प्रथम वर्षाच्या वर्गात 'मन' ही कविता वाचायला सांगितली, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने "मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर" ही ओळ अशा कोरड्या, सांभाळलेल्या उच्चारांत वाचली, की तिच्यात खानदेशचा मागमूसही राहिला नाही. मी तिला म्हटले, "तुझी आई जशी बोलते तसे वाच." ती लाजली, मागे वळून मैत्रिणींकडे पाहिले, आणि मग तिने ती कविता घरच्या चालीने, घरच्या हेलाने शेवटपर्यंत वाचली. वर्गात हसू आले नाही. सगळे कान देऊन ऐकत होते. आपल्या आईच्या तोंडची भाषा पुस्तकात छापलेली आहे, हे त्यांना माहीत होते; ती तशीच मोठ्याने वाचायची असते, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा समजले.

त्यानंतर मी नेहमीप्रमाणे अर्थ सांगायला घेतला. "वढाय म्हणजे ओढाळ. गुराला भूक लागली, की ते कितीही हाकलले तरी पिकात शिरते, तसेच मनही वासनांच्या भुकेने विषयांकडे धावते," असे मी म्हणाले. हेच मी त्याआधी दहाबारा वर्षे सांगत आले होते, आणि माझ्या टिपणवहीतही हेच होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो तोवर एकदाही बोलला नव्हता, चुळबुळ करू लागला. "काय रे?" म्हटल्यावर तो उभा राहिला. त्याने जे सांगितले ते मी इथे प्रमाणभाषेत देते, कारण त्याच्या बोलीत ते मला नीट लिहिता येणार नाही : "मॅडम, ओढाळ ढोर भुकेने नाही जात. दावणीला पोटभर वैरण टाकली तरी ते जाते. एकदा हिरवी ज्वारी तोंडाला लागली, की ते सोकावते. मग त्याच्या गळ्यात लोढणे बांधावे लागते, आणि लोढणे ओढत ओढत ते पुन्हा तिथेच जाते."

मी खडू खाली ठेवला. मी गुरे राखलेली नाहीत. लोढणे हा शब्द मला "गळ्यात लोढणे पडले" या वाक्प्रचारापुरताच ठाऊक होता. ते लाकूड गुराच्या पुढच्या पायांत कसे आपटते, आणि तरीही जनावर कसे ऐकत नाही, हे त्या मुलाने हातवारे करून वर्गाला दाखवले. त्याच्या एका वाक्याने कविता माझ्या डोळ्यांसमोर उलटी झाली. बहिणाबाई मनाला भुकेले म्हणत नव्हत्या, चटावलेले म्हणत होत्या. भूक भागवता येते. चटक लागलेल्या जनावराचे काय करायचे, हा निराळाच प्रश्न आहे, आणि ती कविता त्या प्रश्नाची आहे.

गोष्ट इथेच संपली असती, तरी ती मला आयुष्यभर पुरली असती. पण त्याच दिवशी दुपारी माझा तृतीय वर्षाचा तास होता आणि तिथे ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय चालू होता. अर्जुन तक्रार करतो की मन चंचल आहे, ते आवरणार कसे. माकड कधी समाधीला बसेल का, "थांब" म्हटल्यावर वादळ थांबेल का, असे ज्ञानदेवांचा अर्जुन विचारतो. त्यावर श्रीकृष्ण उत्तर देतात. गीतेच्या मूळ श्लोकात अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले आहेत. ज्ञानदेव त्यात स्वतःचे काही घालतात :

"कां जें यया मनाचें एक निकें । जें देखिलें गोडीचिया ठाया सोके । म्हणौनि अनुभवसुखचि कवतिकें । दावीत जाइजे ॥"

या मनाचे एक बरे आहे, की जिथे एकदा गोडी लागली तिथे ते सोकावते. म्हणून त्याला आत्मसुखाचीच गोडी कौतुकाने दाखवत जावी. "सोके" हा शब्द वाचताना माझा आवाज अडखळला. सकाळी मागच्या बाकावरून ऐकलेलाच शब्द सातशे वर्षांपूर्वीच्या ओवीत बसलेला होता. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके 1212, म्हणजे इसवी सन 1290, असा काळ नोंदलेला आहे. तेव्हापासून आजपर्यंत हा शब्द तोंडातोंडी चालत आला आहे. "म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो" ही म्हण आपण सगळेच वापरतो, आणि तिच्यात सोकावणे वाईटच असते. त्या मुलाच्या ढोराचे सोकावणेही वाईटच होते. ज्ञानदेव मात्र ती खोड मोडायला सांगत नाहीत. तीच खोड कामाला लावायला सांगतात. लोढणे बांधू नका, त्याला अधिक गोड कुरण दाखवा, असे ते म्हणतात. मी या दोन्ही कृती कित्येक वर्षे शिकवत होते, एक प्रथम वर्षाला आणि दुसरी तृतीय वर्षाला, आणि त्यांचे एकमेकींशी काही बोलणे चालले आहे हे मला कधीच ऐकू आले नव्हते. ते ऐकू आले एका मुलाला गुरे राखायची सवय होती म्हणून.

तुम्ही विचारता तो आनंद हा आहे. अभिजात कृतीचा अर्थ माझ्याकडे असतो आणि मी तो मुलांना वाटते, असे होत नाही. त्या कृतीतला जो भाग माझ्या आयुष्याच्या बाहेर पडतो, तो मुलांच्या आयुष्यात असू शकतो, आणि तो त्यांच्याकडून मिळेपर्यंत मी तिथे ताटकळत उभी राहते. दरवर्षी वर्ग नवा असतो, म्हणून दरवर्षी निराळा तुकडा हाती येतो.

माझी शिकवण्याची पद्धत त्यानंतर बदलली. आधी मी ज्ञानेश्वरी शिकवताना यादवकाळ, नेवासे, सच्चिदानंदबाबांनी केलेले लेखन, एकनाथांनी शके 1506 मध्ये केलेली पाठशुद्धी, हे सगळे पहिल्या दोन तासांत सांगून टाकत असे. मुले ते उतरवून घेत आणि ओवीपर्यंत पोहोचेस्तोवर थकून जात. आता मी आधी ओवी मोठ्याने वाचते, पुन्हा वाचते, आणि तिसऱ्या वेळी मुलांना वाचायला लावते. "यातला कोणता शब्द तुमच्या घरी वापरतात?" हा माझा पहिला प्रश्न असतो. दोन हात तरी नक्की वर येतात. इतिहास नंतर येतो, आणि तेव्हा तो मुलांना हवा असतो.

बालकवींची 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता मी दरवर्षी घेते. तेही आमच्या धरणगावचे. समीक्षेच्या पुस्तकांत त्या कवितेतल्या काळ्या डोहाबद्दल, उदासीनतेबद्दल, मृत्यूच्या छायेबद्दल पुष्कळ लिहिलेले आहे, आणि त्यात तथ्य आहे. एका वर्षी एका मुलीने विचारले, "पायवाट पांढरी आहे म्हणजे तिथे रोज कोणीतरी चालत असणार ना? नाहीतर एवढ्या गवतात ती दिसलीच नसती." तिच्या गावात नळ येण्याआधी बाया नदीवर जात, त्या वाटेचा रंग तिने पाहिलेला होता. चार घरांच्या गावातून रोज कोणीतरी हंडा घेऊन त्या काळ्या डोहाकडे जाते, हे तिने सांगेपर्यंत माझ्या मनातल्या त्या चित्रात एकही माणूस नव्हता. डोहाची भीती त्यामुळे कमी झाली असे नाही. ती भीती रोजच्या वापरातली झाली, आणि मला वाटते, तिथेच ती कविता अधिक खोल जाते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'बद्दल मात्र मी फार काही सांगणार नाही, कारण तिथे मला काहीच करावे लागत नाही. वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग वाचायला घेतले की वर्ग खळखळून हसतो. मग आजोबांना सत्तावनच्या धामधुमीत फाशी झाली होती आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याने पछाडले, हे कळले की तोच वर्ग चिडीचूप होतो. शिक्षकाने तिथे फक्त वाचावे आणि मध्ये बोलू नये.

सगळेच तास असे होतात असे मात्र समजू नका. सत्रपद्धतीत तास कमी पडतात, परीक्षा डोक्यावर असते, मुलांच्या हातात मूळ पुस्तकाऐवजी गाइड असते, आणि तीन वाजताची गाडी चुकली तर पुढची संध्याकाळी असते म्हणून अर्धा वर्ग घड्याळाकडे पाहत बसतो. कित्येकदा मी जीव ओतून वाचलेली ओवी तशीच भिंतीला लागून परत येते. अशा तासानंतर वाईट वाटते, आणि ते वाटलेच पाहिजे असे माझे मत आहे. ज्याला ते वाटेनासे झाले, त्याच्यापुरते हे काम सवयीचे झाले. तुम्ही या व्यवसायात येणार असाल तर पगार, तासिका तत्त्वावरची वर्षे, नेमणुकांची वाट पाहणे, याचा हिशेब जरूर करा. त्याबद्दल इथे इतरांनी लिहिले आहे आणि ते खरे आहे. मी केवळ वर्गाच्या आतले सांगते आहे.

त्या मुलाचे राहिले. मी ती ओवी एका कागदावर लिहून दुसऱ्या दिवशी त्याला दिली आणि त्याचा शब्द तिच्यात कुठे आहे ते दाखवले. त्याने कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. आठवड्याने तो परत आला तो तक्रार घेऊन. त्याचे आजोबा वारकरी. सही करता येत नाही, अंगठा उठवतात. नातवाने घरी ओवी वाचून दाखवली, तर त्यांनी त्याला मध्येच थांबवले, "निकें"वर थोडे थांबायचे असते असे सांगितले, आणि पुढच्या तीन ओव्या न अडखळता म्हणून दाखवल्या. "मॅडम, त्यांना एवढे येते हे मला माहीतच नव्हते," तो म्हणाला. मग त्याने विचारले, की ग्रंथालयातून ज्ञानेश्वरी घरी नेता येईल का, कारण आजोबा म्हणतात त्यातल्या काही शब्दांचा अर्थ त्यांनाही लागत नाही आणि तो छापलेला पाहून घ्यायचा आहे.

मी माझी प्रत दिली. समासात माझ्या पेन्सिलच्या खुणा असलेली ती प्रत परीक्षा झाल्यावर परत आली, तेव्हा तिच्यात सहाव्या अध्यायापाशी ज्वारीचे एक वाळलेले पान होते.