पुढाऱ्याच्या घरातलं पोर : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

‘आईवडील राजकारणात असताना’ या विषयावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. सीमाभागातून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

वडील आमदार आहेत. मी बेळगावात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्राचे काका, मेसवाले, एक-दोन सरसुद्धा ‘अप्पांच्या कानावर घाल’ म्हणून बदली, अडकलेलं बिल, हॉस्टेलची खोली अशी कामं सांगतात. नकार दिला तर ‘माज आलाय’, होकार दिला तर रोज फोन. परवा एकानं नवा मोबाइलच आणून दिला. – निपाणी तालुका

मोबाइल आधी परत कर. आणि नुसता परत करू नकोस, ‘तुमचा मोबाइल अमुक तारखेला परत दिला आहे’ असा मेसेज त्यांना पाठव आणि तो जपून ठेव. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली कलम 7अ आलं. सरकारी माणसावर आपलं वजन वापरून काम करून देण्यासाठी कुणीही लाभ घेतला, तर 3 ते 7 वर्षं शिक्षा आहे. ‘कुणीही’ यात आमदाराचा मुलगा आलाच. त्यासाठी तुझ्याकडे पद असावं लागत नाही, काम झालेलं असावं लागत नाही. नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षभरात 50,000 रुपयांच्या वर रोख किंवा 50,000 रुपयांच्या वरचे दागिने भेट आले तर आयकर लागतो, तो भाग वेगळाच.

आता कामांचं. कागद हातात घ्यायचा नाही, त्याचा फोटोही व्हॉट्सअ‍ॅपवर घ्यायचा नाही. फोटो आला की ‘तुझ्याकडे दिलं होतं’ याला पुरावा झाला. प्रत्येकाला एकच उत्तर दे: ‘अर्ज कार्यालयात द्या, पोच घ्या, मी यात नाही.’ कार्यालयाचा पत्ता, वेळ आणि पीएंचा नंबर मोबाइलमध्ये तयार ठेव आणि तोच पुढे ढकल. अर्धवट होकार सगळ्यांत वाईट. काम झालं नाही तर पोरानं पैसे खाल्ले ही कुजबुज गावात आठवड्यात फिरते. काम आपोआप झालं तर मधलाच कुणी तुझ्या नावावर पैसे घेऊन मोकळा होतो, आणि तुला पत्ताही लागत नाही. म्हणून पीएंना सांगून ठेव: माझं नाव घेऊन कुणी आलं तर मला विचारल्याशिवाय खरं धरू नका.

सरांचं मात्र जरा नाजूक आहे. परीक्षेच्या तोंडावर त्यांना फटकारू नकोस, पण त्यांच्या बदलीचा विषय घरी काढूही नकोस. अंतर्गत गुण चांगले मिळाले तरी लोक बोलणार, कमी मिळाले तरी बोलणार. असाइनमेंट आणि तपासलेल्या वह्या जपून ठेव, एवढंच तुझ्या हातात आहे.

आमदार वडिलांनी माझ्या नावावर फर्म काढली आहे. जागाही माझ्या नावावर घेणार म्हणतात. ‘सही कर, बाकी सीए बघतील.’ मी 23 वर्षांची, अजून शिकते आहे. सही करू का? – खानापूर तालुका

कागद वाचल्याशिवाय नाही. वडील तुम्हाला फसवतील असं आम्ही म्हणत नाही. पण चौकशी आली की सही ज्याची, त्याला आधी बोलावतात.

जागेच्या बाबतीत एकच प्रश्न विचारा: पैसे कोणत्या खात्यातून गेले? वडिलांनी आपल्या ज्ञात उत्पन्नातून मुलीच्या नावावर जागा घेतली तर ती बेनामी ठरत नाही, कायद्यातच तशी सूट आहे. पैसे एखाद्या कंत्राटदाराच्या खात्यातून फिरून आले असतील तर ती सूट गेली. मग 1 ते 7 वर्षं सक्तमजुरी, आणि दंड बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत. म्हणून खरेदीखताबरोबर बँकेच्या उताऱ्याची प्रत स्वतःच्या फाइलला लावा.

तुम्हाला स्वतंत्र कमाई नाही आणि तुम्ही पूर्णपणे वडिलांवर अवलंबून आहात, तोवर तुमची मालमत्ता त्यांच्या उमेदवारीच्या शपथपत्रात दाखवावी लागते. आयकर विवरणपत्र भरत असाल तर मागच्या 5 वर्षांचं उत्पन्नही. शपथपत्रात खोटं लिहिलं किंवा लपवलं तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. कर्नाटकात त्याशिवाय दरवर्षी 30 जूनपर्यंत लोकायुक्तांकडे मालमत्तेचं विवरण जातं, त्यातही अवलंबून असलेली मुलं येतात. एका कागदावर जागा आहे आणि दुसऱ्यावर नाही, इथेच बहुतेक प्रकरणं उघडी पडतात. विरोधक दोन्ही कागद शेजारी ठेवूनच वाचतात.

फर्मचं म्हणाल तर भागीदारीत कर्जाची जबाबदारी तुमच्या वैयक्तिक मालमत्तेपर्यंत येते. कोऱ्या चेकवर सही नको. चेक परत गेला तर 2 वर्षांपर्यंत कैद तुमच्या नावावर. डिजिटल सहीचा टोकन सीएंच्या कपाटात न ठेवता तुमच्याकडे ठेवा, जीएसटीचा ओटीपी तुमच्याच नंबरवर येऊ द्या. आणि ही फर्म वडिलांच्याच मतदारसंघात सरकारी टेंडर भरणार असेल तर सरळ नाही म्हणा. मुलीनं कंत्राट घेतलं म्हणून आमदारकी आपोआप जात नाही, कारण ते बंधन आमदाराच्या स्वतःच्या कंत्राटावर आहे. पण पुढच्या निवडणुकीत प्रत्येक खड्ड्याचा हिशेब तुमच्या नावानं मागितला जाईल.

मला कोल्हापूरला इंजिनिअरिंग करायचं आहे. सीमाभागाच्या कोट्यातून अर्ज केला तर राष्ट्रीय पक्षात असलेल्या बाबांना त्रास होईल का? – बेळगाव

कायद्यानं नाही, राजकारणात होईल. महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत 865 वादग्रस्त गावांतल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी तरतूद आहे. रहिवास आणि मातृभाषा अशी दोन प्रमाणपत्रं लागतात. गाव यादीत आहे का ते आधी पाहा. वडिलांचा पक्ष कोणता, असा रकाना अर्जात नाही. पण 1 नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, किंवा बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की ‘पुढाऱ्याचं पोर महाराष्ट्राच्या सवलतीवर’ अशी पोस्ट फिरू शकते. जेईई मेनचे गुण चांगले असतील तर खासगी कॉलेजांतल्या अखिल भारतीय जागांचा रस्ता मोकळा आहे, आणि आमचं मत विचाराल तर सधन घरानं तोच आधी पाहावा. कोट्यातूनच जायचं ठरलं तर बाबांना अर्ज भरण्याआधी सांगा. त्यांना ही गोष्ट पत्रकाराकडून कळली तर घरातलं भांडण पक्षाच्या भांडणापेक्षा मोठं होईल.

मुलगा 16 वर्षांचा. कार्यकर्ते त्याला गाडी चालवायला देतात, मी बोलले तर ‘वहिनी, आम्ही शेजारी बसलोय की!’ – चिक्कोडी

शेजारी कोण बसलं याला कायद्यात किंमत नाही. अपघात झाला नाही, नुसतं चालवताना सापडला तरी पालक किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. कार्यकर्त्यांना समजावत बसू नका, किल्ल्या तुमच्या कपाटात ठेवा. साहेबांकरवी एकदा चारचौघांत सांगवा. तुमचं बोलणं ते हसण्यावारी नेतील, साहेबांचं नेणार नाहीत.

पुण्यात नोकरी करतो, मतदार नोंदणीही तिथेच केली. आईच्या प्रचाराला गावी येऊ का? – अथणी

जरूर या. पण मतदान संपण्याच्या 48 तास आधी प्रचार थांबतो, आणि त्यानंतर बाहेरून प्रचाराला आलेल्या बिगर-मतदारांनी मतदारसंघ सोडायचा असतो. घर तुमचंच असलं तरी तक्रार होईल, विरोधक त्याचीच वाट पाहत असतात. तुम्ही आईच्या संमतीनं केलेला खर्चही तिच्याच खर्चाच्या मर्यादेत (विधानसभेसाठी 40 लाख) धरला जातो, तेव्हा पेट्रोल, जेवणावळी, पत्रकं यांची बिलं त्याच दिवशी हिशेब ठेवणाऱ्याकडे द्या. गावी खरोखर परत राहायला येणार असाल तर फॉर्म 8 भरून नाव हलवून घ्या. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, आणि नोंदणीसाठी खोटं लिहून दिलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते.